बारा दिवस, एक घर आणि ठरलेली मंडळी: व्हीडनचा 'मच अडू' गुपचूप झाला म्हणून जमला का?

उत्तररात्र

ऑक्टोबर २०११. 'द अ‍ॅव्हेंजर्स'चं चित्रीकरण सप्टेंबरात आटोपलेलं, संकलन चालू. त्याचा दिग्दर्शक जॉस व्हीडन, आणि त्याच्या चाहत्यांचे डोळे तिकडे लागलेले. आणि एका रात्री अचानक एक संकेतस्थळ उघडलं. पोहण्याच्या तलावात एक माणूस, डोळ्यांवर पाणबुड्याचा चष्मा, हातात मार्टिनीचा पेला. सोबत मजकूर: जॉस व्हीडनचा चित्रपट, एका नाटकावर आधारित. नाटक शेक्सपिअरचं 'मच अडू अबाउट नथिंग'. खरा धक्का पुढे होता. चित्रपट 'येणार' नव्हता, चित्रीकरण होऊनही गेलं होतं! व्हीडनच्या लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकातल्या राहत्या घरात, बारा दिवसांत.

मग लोक नावं वाचू लागले. एमी अ‍ॅकर, अ‍ॅलेक्सिस डेनिसॉफ, नेथन फिलियन, क्लार्क ग्रेग, फ्रॅन क्रान्झ, शॉन मेहर, रीड डायमंड, टॉम लेंक. 'बफी', 'एंजल', 'फायरफ्लाय', 'डॉलहाउस' या व्हीडनच्या मालिकांपैकी काहीही पाहिलेलं असलं तरी यादीत आपलं कुणीतरी सापडणारच. तो पाणबुड्या म्हणजे नाटकातला तरुण नवरदेव क्लॉडिओ झालेला क्रान्झ.

तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही घरची मैफल आहे आणि आपल्याला दारात उभं राहून ऐकायला मिळाली. दुसरा म्हणतो, तेच तेच चेहरे, आवडत्यांचा गोतावळा. माझं मत असं की आवडती मंडळी आणि गुपचूपपणा या दोन्ही गोष्टी हौसेच्या नाहीत, कामाच्या आहेत. त्या काढल्या तर बारा दिवसांचं गणित कोसळतं. जाणकारांनी मुद्देसूद लिहावं.

सोनचाफा

गणित नंतर बघू. आधी फ्रेड आणि वेस्लीबद्दल बोलू.

'एंजल'च्या पाचव्या पर्वात, २००४ साली, फ्रेड वेस्लीच्या मिठीत प्राण सोडते. एकमेकांना होकार देऊन फार दिवसही झालेले नसतात. तिच्या देहात इलिरिया नावाची प्राचीन शक्ती शिरते. शेवटच्या भागात वेस्ली मरायला टेकतो, तेव्हा इलिरिया त्याला विचारते, आता मी तुझ्याशी खोटं बोलू का? तो हो म्हणतो आणि ती काही क्षणांसाठी फ्रेड होते. मालिका पाहिलेल्यांनी तो प्रसंग आजही उरात जपला आहे.

फ्रेड म्हणजे एमी अ‍ॅकर, वेस्ली म्हणजे अ‍ॅलेक्सिस डेनिसॉफ. सात वर्षांनी तेच दोघं बिअट्रिस आणि बेनेडिक, म्हणजे नाटकातली भांडखोर जोडी होऊन आले, भांडले, फसले, प्रेमात पडले आणि या वेळी लग्न होऊन सुखात नाचले. चाहत्यांच्या आनंदाचं कारण हे आहे. शेक्सपिअरच्या नाटकाला सात वर्षांचा पूर्वरंग फुकट मिळाला.

मिरवणूक

सोनचाफा, हे वाचून गलबलून आलं, पण तुमच्याच बोलण्यात माझा आक्षेप आहे. ज्याने 'एंजल' पाहिलेलं नाही त्याच्यासाठी तो पूर्वरंग नाही. चित्रपट त्याच्यासमोर स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. आणि गोतावळाच जमवायचा तर 'फायरफ्लाय'मधल्या जीना टोरेस का नाही, समर ग्लाऊ का नाही? दिग्दर्शकाचे लाडके म्हणजे नेमके कोण, हे चाहत्यांना कधीच कळत नाही.

नेपथ्यराव

आता गणित मांडतो.

चित्रपट १०९ मिनिटांचा. बाराने भागा. रोज सरासरी ९ मिनिटं पडद्यावर टिकेल असं काम. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशेबाने रोज नऊ पानं. मोठ्या बजेटच्या चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. हाणामारी आणि स्पेशल इफेक्टचा प्रसंग असेल तर अर्धं पान.

अमेरिकेतली तासाभराची मालिका मात्र ४२-४४ मिनिटांचा भाग साधारण आठ दिवसांत उरकते. दिवसाला पाच-साडेपाच पानं. म्हणजे नऊ पानांच्या जवळपास जाणारी सवय फक्त मालिकेतल्या नटांना असते, आणि व्हीडनची माणसं बहुतेक तिथलीच. दुसऱ्या-तिसऱ्या टेकला वाक्य पदरात घालणं, प्रकाश बदलला तरी लय न सोडणं, ओळ चुकली तर 'कट'ची वाट न पाहता मागच्या वाक्यापासून पुन्हा उचलणं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. फिलियनची तर तेव्हा 'कॅसल' ही मालिका चालू होती.

दुसरी गोष्ट ओळखीची. अनोळखी नटाबरोबर दिग्दर्शकाचे पहिले दोन-तीन दिवस एकमेकांना जोखण्यात जातात. याला किती सूचना द्यायच्या, त्या टेकआधी की टेकनंतर, सगळ्यांसमोर की बाजूला घेऊन. साठ दिवसांच्या चित्रीकरणात तीन दिवस गेले तर पाच टक्के. बारात तीन म्हणजे पाव चित्रपट गेला. म्हणून जुनी माणसं.

तिसरी गोष्ट एकच घर. एका जागेहून दुसरीकडे युनिट हलवायचं तर सामान भरणं, प्रवास, उतरवणं, परत मांडणं यात दोन तास सहज जातात. इथे स्वयंपाकघरातून बागेत जायला दोन मिनिटं. ढग आले तर आतलं दृश्य घ्या, ऊन पडलं की बाहेर या. वेळापत्रक इतकं लवचीक ठेवायचं तर सगळे नट दिवसभर हाताशी लागतात. रोजंदारीवर बोलावलेल्या परक्या नटाच्या बाबतीत हे परवडत नाही.

गाळीव

नेपथ्यराव, हिशेब पटला. पण तालमीचं काय? शेक्सपिअरचं वाक्य चौथ्या टेकलाही जिभेवर बसत नाही.

सोनचाफा

गाळीव, तालीम काही वर्षं आधीच झाली होती असं समजा! 'बफी'च्या काळापासून व्हीडनच्या घरी सुट्टीच्या दिवशी नट जमायचे, खाणंपिणं व्हायचं आणि शेक्सपिअरचं एखादं नाटक वाचलं जायचं. अ‍ॅकर आणि डेनिसॉफ यांनी बिअट्रिस-बेनेडिक तिथे वाचले होते. चित्रपटाचं बीज त्या वाचनांत आहे. मुहूर्तही मजेशीर. सुट्टीत व्हेनिसला जायचं ठरलं होतं. त्याऐवजी हा चित्रपटच करू असं त्याची तेव्हाची पत्नी काय कोल हिने सुचवलं. ती वास्तुविशारद, घराची रचना तिचीच.

भिंगवाला

कृष्णधवल का, याबद्दल लोक 'कलात्मक निवड' म्हणून पुढे जातात. कलात्मक आहेच. पण छायाचित्रकाराच्या (जे हंटर) बाजूने पाहा, बारा दिवसांत हा निर्णय किती ओझं उतरवतो ते कळेल.

घरात दोन प्रकारचा उजेड असतो. खिडकीतून येणारा साधारण ५६०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर. घरातल्या दिव्यांचा ३२०० च्या आसपास, पिवळसर. रंगीत चित्रपटात दोन्ही एका चौकटीत आले की अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. मग खिडक्यांना नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक प्लास्टिक) लावा नाहीतर दिव्यांना निळी. मोठी काच असेल तर एका खिडकीचं जेल सुरकुती न पडता लावायला पाऊण तास जातो. कृष्णधवलमध्ये हा प्रश्नच उरत नाही. उजेड किती, एवढंच बघायचं.

तेच दुपारचं. एक प्रसंग सकाळी अकराला सुरू केला आणि पाचला संपवला तर ऊन पांढऱ्याचं सोनेरी होतं. रंगीतमध्ये दोन तुकडे जोडल्यावर उडी दिसते, इथे नाही. फक्त सावलीची दिशा सांभाळायची. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे दिवस जेमतेम साडेअकरा तासांचा, त्यामुळे हा फायदा फार मोठा.

कपड्यांचंही तसंच. बहुतेक कपडे नटांच्या स्वतःच्या कपाटातले. एकाचा कोट निळसर काळा, दुसऱ्याचा तपकिरी काळा, भिंतीवर कुठलं तरी चित्र, स्वयंपाकघरात मुलांच्या रंगीत वस्तू. कृष्णधवलमध्ये सगळं एका घराण्यातलं दिसतं. रंगसंगतीसाठी नेपथ्याला स्वतंत्र माणूस आणि आठवडा लागला असता.

आता काय बिघडतं तेही सांगतो. कॅमेरा रेड एपिक. त्याचं मूळ आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८००. भर उन्हात ८०० म्हणजे फार, उजेड कापायला एनडी फिल्टर लावावेच लागतात. साधे एनडी दिसणारा प्रकाश अडवतात, अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश बराचसा जाऊ देतात. परिणाम असा की काही काळी कापडं काळी न राहता तपकिरी-जांभळी दिसतात. रंग काढल्यावर तोच सूट राखाडी होतो. चार माणसं काळ्या सुटात एका ओळीत उभी असली की एकाचाच सूट विटका दिसणार! यावर उपाय म्हणजे अवरक्त अडवणारे एनडी, आणि आदल्या दिवशी प्रत्येक कापड कॅमेऱ्यासमोर धरून बघणं.

दुसरा धोका चेहऱ्यांचा. रंग गेल्यावर लाल ओठ आणि गोरी कातडी एकाच राखाडी छटेला येऊ शकतात. रंगीत फाइलवरून कृष्णधवल करताना लाल वाहिनी (चॅनल) वाढवली तर कातडी उजळते, डाग लपतात, पण ओठ पुसट होतात. निळी वाढवली तर ओठ ठसठशीत, मात्र प्रत्येक पुळी दिसते आणि अंधारात दाणे येतात. हा तोल प्रत्येक प्रसंगात नव्याने साधावा लागतो.

नेपथ्यराव

भिंगवाला, घरात काच किती आहे तेही लिहा ना. बिअट्रिसचं त्याच्यावर प्रेम आहे असं ऐकवून बेनेडिकला फसवायचा प्रसंग आठवा. लिओनाटो, क्लॉडिओ आणि डॉन पेड्रो आत गप्पा मारताहेत आणि बाहेर बेनेडिक एका खिडकीमागून दुसऱ्या खिडकीमागे लोळत, सरपटत जातोय.

भिंगवाला

तो प्रसंग दिसतो सोपा. आत उजेड कमी, बाहेर जास्त. काचेतून बाहेरचा माणूस स्पष्ट दिसायला बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त हवाच, पण तीन-चार स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त फरक पडला की बाहेरचा माणूस पांढऱ्यात विरतो. म्हणून वेळ निवडायची, दिवे नाही. काचेत कॅमेरा दिसू नये म्हणून कॅमेरामनने काळे कपडे घालायचे, मागे काळा पडदा धरायचा, आणि काचेला थोडा तिरका कोन ठेवायचा. कॅमेरा हातात धरलेला असल्याने तो कोन सतत बदलतो, तेव्हा प्रतिबिंब कुठे ना कुठे शिरणारच. चित्रपटात काही ठिकाणी ती प्रतिबिंबं मुद्दाम राहू दिली आहेत. ज्या नाटकात प्रत्येक जण दुसऱ्याचं काहीतरी चोरून ऐकतो, तिथे ती शोभतात.

शब्दखूण

आवाजाबद्दल कुणी लिहील का? काचेचं घर, लाकडी जमीन, वर विमानं. शेक्सपिअरचा एक शब्द हुकला तर कोटी गेली.

कर्णपिशाच्च

शब्दखूण, मुद्दा अचूक पकडलात.

राहत्या घरात ध्वनिमुद्रणाचे तीन शत्रू. पहिला घुमणं. काच आणि लाकडी फरशी आवाज परत फेकतात. चौकटीबाहेरच्या सगळ्या पृष्ठभागांवर जाड रजया टाकायच्या, जमिनीवर गालिचे अंथरायचे, पावलं दिसत नसतील तर बुटाच्या तळाला फेल्ट चिकटवायचं. दुसरा यंत्रांची घरघर: एसी, तलावाचा पंप, फ्रिज. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच चालू होतो, म्हणून एका टेकमध्ये गुणगुण आणि दुसऱ्यात नाही असं होऊन जोडकाम उघडं पडतं. तो बंदच करायचा. पण रात्री चालू करायला विसरलात तर घरमालकाचं सगळं अन्न नासतं. ध्वनिवाल्यांची जुनी रीत अशी की फ्रिज बंद केला की स्वतःच्या गाडीच्या चाव्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. फ्रिज उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

तिसरा शत्रू आकाशातला. सांता मोनिकाला स्वतःचा छोटा विमानतळ आहे. विमानाचा आवाज विरायला मिनिटभर जातं. दिवसात तीस वेळा थांबलात तर अर्धा तास गेला. म्हणून लांब संवादाचा प्रसंग तुकड्यांत घ्यायचा नाही. अखंड घ्यायचा, विमान आलं तर तेवढंच वाक्य पुन्हा.

नंतर डबिंग करू म्हणणाऱ्यांसाठी: बिअट्रिस आणि बेनेडिकची वाक्यं एकमेकांवर चढतात. दोघांचा श्वास, हसू, ग्लास ठेवल्याचा आवाज एकमेकांत गुंतलेला असतो. स्टुडिओत एकेकट्याने उभं राहून ते परत मिळत नाही. तिथे ओळ बरोबर येते, भांडण येत नाही.

प्रत्येक खोलीची शांतता मिनिटभर वेगळी टिपून ठेवायची, कुणी हललं नाही पाहिजे. जोडकामाला तीच गोंद. चाळीस माणसं मिनिटभर पुतळ्यासारखी उभी राहणं हे परक्या युनिटमध्ये फार अवघड जातं.

पाचवा_अंक

मूळ संहितेच्या बाजूने थोडं.

हे नाटक १५९८-९९ च्या सुमाराचं, छापील प्रत १६०० ची. यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग गद्य आहे. शेक्सपिअर म्हटलं की वृत्त डोळ्यासमोर येतं, पण बिअट्रिस-बेनेडिक जवळजवळ सगळं गद्यात बोलतात. म्हणून आजच्या दिवाणखान्यात, हातात पेला धरून ती वाक्यं खपतात. दुसरं कुठलंही नाटक या घरात इतक्या सहज बसलं नसतं.

व्हीडनने शब्द फार बदलले नाहीत, कापले मात्र पुष्कळ. बदलाचं एक उदाहरण. बेनेडिक स्वतःशी ठरवतो की तिच्यावर प्रेम केलं नाही तर मी अमुक. मूळ शब्द ज्यू लोकांना हिणवणारा आहे, चित्रपटात तिथे 'मूर्ख' येतं. याच्या उलट, क्लॉडिओचं वर्णावरून बोललेलं एक वाक्य मुद्दाम ठेवलं आणि त्याच्या मागे एक कृष्णवर्णीय स्त्री उभी केली. तिचा चेहरा एका क्षणात त्या वाक्याचा निकाल लावतो. जुन्या संहितेचं काय करावं याच्या दोन पद्धती एकाच चित्रपटात दिसल्या. कॉनराड या पुरुषपात्राची स्त्री केली (रिकी लिंडहोम).

आणि सुरुवात! संवाद नसलेलं दृश्य. बेनेडिक पहाटे बिअट्रिसच्या खोलीतून हळूच निघून जातो, ती झोपल्याचं सोंग करते. हे नाटकात नाही, पण हवेतूनही आणलेलं नाही. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात बिअट्रिस म्हणते की त्याने आपलं हृदय मला काही काळ उसनं दिलं होतं आणि मी त्याला व्याज दिलं, त्याच्या एका हृदयापोटी माझं दुप्पट. त्या एका वाक्यावर ते पहाटेचं दृश्य उभं आहे.

मिरवणूक

पाचवा_अंक, आधार आहे हे मान्य. पण त्या दृश्याने नाटकाचा एक खांब हलतो. पुढे हीरो या तरुणीवर लग्नाच्या वेदीवर तिचा होणारा नवरा क्लॉडिओच कौमार्यावरून आरोप करतो आणि सगळं घर हादरतं. ज्या घरात बिअट्रिसची रात्र सहज खपते, तिथे हीरोच्या रात्रीवरून मरणप्राय कल्लोळ का व्हावा? १५९९ च्या मेसिनात (नाटक घडतं ते इटलीतलं शहर) पटतं, २०११ च्या सांता मोनिकात नाही.

पाचवा_अंक

आक्षेप रास्त आहे, आणि चित्रपट त्याला पूर्ण उत्तर देत नाही. अर्धं उत्तर अ‍ॅकरच्या चेहऱ्यावर आहे. क्लॉडिओला मार, असं ती बेनेडिकला सांगते तेव्हा हीरोच्या जागी मी असू शकले असते, ही जाणीव तिच्या रागात मिसळलेली दिसते. पहाटेच्या दृश्याशिवाय तो राग केवळ बहिणीच्या मायेचा राहिला असता. मला तो सौदा फायद्याचा वाटतो.

टाळेबंद

आणखी अर्धं उत्तर दारूत आहे. नीट पाहा, सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या हातात पेला आहे. शुद्धीत नसलेली माणसं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतात.

नेपथ्यराव

टाळेबंद, तो पेला नेपथ्याच्या माणसासाठी जीवघेणा प्रकार असतो हो. टेक एकमध्ये पेला अर्धा, टेक तीनमध्ये पाव, आणि संकलकाने दोन्ही जोडले की दारू आपोआप वाढते. उपाय: पेल्याच्या मागच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीची बारीक खूण करायची, दर टेकनंतर खुणेपर्यंत भरायचं. नटाने कुठल्या शब्दावर घोट घ्यायचा ते संहितेत लिहून ठेवायचं. रंगीतमध्ये द्राक्षाचा रस कुठल्या छटेचा हा वेगळा वाद असतो. इथे तो वाचला, रंग दिसतच नाही.

शब्दखूण

'गुपचूप' या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. स्वतःच्या घरात मित्रांना बोलावून केलेलं काम आणि खरोखर लपून केलेलं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इराणच्या जाफर पनाहींवर २०१० मध्ये वीस वर्षं चित्रपट न करण्याची बंदी आली. २०११ चा 'धिस इज नॉट अ फिल्म' घरात घडला आणि पेनड्राइव्हवर, केकमध्ये लपवून कान महोत्सवाला पोहोचला. 'टॅक्सी'ला २०१५ मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट' परवानगीशिवाय चित्रित झाला आणि २०२५ मध्ये त्याला कानचं सर्वोच्च पारितोषिक पाम द'ओर मिळालं. तिथे गुपित फुटलं तर तुरुंग. इथे फुटलं असतं तर फार तर बातमी झाली असती.

भिंगवाला

शब्दखूण, शंभर टक्के. या दोन टोकांच्या मधलंही एक उदाहरण आहे: 'एस्केप फ्रॉम टुमॉरो', २०१३ सालच्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवलेला. डिस्नेच्या उद्यानांत परवानगी न घेता चित्रित केलेला, तोही कृष्णधवल. पर्यटकासारखा दिसणारा छोटा कॅमेरा, नटांची संहिता फोनवर. दिवे नेता येणार नव्हते, म्हणून सूर्य कुठल्या तासाला कुठे असेल हे आधीच काढून ठेवलं होतं. कृष्णधवलचं कारण पुन्हा तेच, उजेडाचा रंग आपल्या हातात नसणं.

गाळीव

मग व्हीडनच्या गुपिताचा उपयोग काय झाला? धागाकर्त्याने विचारलेला दुसरा प्रश्न अजून तसाच पडलाय.

उत्तररात्र

गाळीव, माझं म्हणणं असं. डोक्यावर 'अ‍ॅव्हेंजर्स' होता, ज्याने पुढे जगभरात दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई केली. चित्रीकरण आणि संकलन यांच्या मधल्या सुट्टीत दिग्दर्शक दुसरा चित्रपट करतोय अशी बातमी आधी आली असती, तर पहिला प्रश्न 'अ‍ॅव्हेंजर्स'चं काय, हाच आला असता. दुसरं, गुपचूप केल्यामुळे चित्रपट कुणाला विकलेलाच नव्हता. स्वतःची छोटी कंपनी, बेलवेदर पिक्चर्स. वितरक आधी आला की आधी विचारतो की रंगीत का नाही, नायिका म्हणून मोठं नाव का नाही. इथे चित्रपट टोरंटो महोत्सवात सप्टेंबर २०१२ मध्ये दाखवला आणि अमेरिकेत जून २०१३ मध्ये लागला. अमेरिकेतली कमाई सुमारे ४३ लाख डॉलर. मोठ्या चित्रपटाच्या तुलनेत चिल्लर, पण एका घरात बारा दिवसांत केलेल्या कृष्णधवल शेक्सपिअरला एवढे प्रेक्षक मिळणं मला थोर वाटतं.

आणि ही पद्धत पहिल्यांदा वापरलेली नव्हती. २००८ चा 'डॉक्टर हॉरिबल' हा इंटरनेटवरचा संगीतमय खेळ त्याने हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाच्या काळात लिहून स्वतःच्या पैशातून केला होता, त्यातही फिलियन होता. त्याचा भाऊ जेड व्हीडन आणि जेडची पत्नी मॉरिसा टँचरोन तिथे लेखनात होते. इथे नाटकातली गाणी त्यांनी गायली, चाली आणि पार्श्वसंगीत जॉस व्हीडनचं.

टाळेबंद

आवडत्या नटांचा विषय आपल्याकडे नवा नाही. जब्बार पटेलांचे 'सामना' (१९७५), 'जैत रे जैत' (१९७७), 'सिंहासन' (१९७९) घ्या, तिन्हींत निळू फुले आणि मोहन आगाशे. कुणी गोतावळा म्हणालं नाही, कारण प्रत्येक वेळी माणूस नवा दिसला. कसोटी तीच लावावी: त्याच नटाकडून दिग्दर्शकाने नवं काय काढलं?

सोनचाफा

टाळेबंद, ही कसोटी लावून बघू. शॉन मेहर 'फायरफ्लाय'मध्ये बहिणीसाठी जीव टाकणारा सभ्य डॉक्टर, इथे डॉन जॉन, हातांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून आणलेला थंड खलनायक. फ्रॅन क्रान्झ 'डॉलहाउस'मध्ये बडबड्या तंत्रज्ञ, इथे चटकन रागावणारा, मग पश्चात्तापाने मोडलेला क्लॉडिओ. क्लार्क ग्रेग म्हणजे मार्व्हलच्या चित्रपटांतला एजंट कोल्सन, इथे मुलीवर हात उगारायला निघालेला बाप, अंगावर काटा येतो. आणि फिलियन. देखणा नायक, ज्याने डॉगबेरी आरडाओरडा न करता केला. बहुतेक नट तो विदूषकी करतात, हा मात्र एक दुखावलेला, स्वतःला फार हुशार समजणारा पोलीस उभा करतो. आपल्याला गाढव म्हटल्याचं दुःख तो इतक्या गंभीरपणे सांगतो की हसताना पोट दुखतं.

मिरवणूक

मेहर आणि ग्रेगबद्दल मान्य. माझा विरोध तेवढा कमी झाला असं समजा. पण आवडत्यांबद्दल बोलताना न आवडत्यांबद्दलही बोलायला हवं. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'बफी' आणि 'एंजल'मधल्या करिझ्मा कार्पेंटरने व्हीडनच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल जाहीर आरोप केले. तिच्या पाठीशी उभं असल्याचं मालिकेतल्या इतर काही अभिनेत्रींनीही सांगितलं. व्हीडनने नंतरच्या मुलाखतीत काही मान्य केलं, बरंच नाकारलं. 'घरची मैफल' हा शब्द त्यानंतर मला पूर्वीसारखा वापरता येत नाही.

सोनचाफा

मिरवणूक, हे इथे लिहिलंत ते बरं केलंत. अ‍ॅकर आणि डेनिसॉफचं काम मला आजही तितकंच प्रिय आहे, आणि कार्पेंटरचं म्हणणंही मी तितक्याच गंभीरपणे घेते.

शब्दखूण

पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी कुणीतरी चार ओळी लिहा. नावांच्या गर्दीत नवा माणूस दहाव्या मिनिटाला हरवतो.

पाचवा_अंक

घ्या. आधी तीन जोड्या लक्षात ठेवा: भांडणारी जोडी बिअट्रिस-बेनेडिक, गोड जोडी हीरो-क्लॉडिओ, भाऊ डॉन पेड्रो (चांगला) आणि डॉन जॉन (वाईट). घर लिओनाटोचं, हीरो त्याची मुलगी, बिअट्रिस पुतणी. एवढं पुरतं.

इंग्रजी सबटायटल लावाच. पहिली वीस मिनिटं कान लागत नाही, घाबरू नका, मागेही जाऊ नका, चेहरे बघत राहा. वेळ असेल तर मूळ नाटकातले तीनच प्रवेश आधी वाचा: दुसऱ्या अंकाचा तिसरा, तिसऱ्या अंकाचा पहिला, चौथ्या अंकाचा पहिला. पहिल्यात बेनेडिक फसतो, दुसऱ्यात बिअट्रिस, तिसऱ्यात लग्न मोडतं. मग स्वयंपाकघरातला प्रसंग बघा. त्याचं आपल्यावर प्रेम आहे हे ऐकताक्षणी अ‍ॅकर पायऱ्यांवरून धाडकन पडते आणि ओट्याआड लपून ऐकत राहते. शब्द कळले नाहीत तरी सगळं कळतं.

शीर्षकातली गंमतही ध्यानात ठेवा. त्या काळी 'नथिंग' आणि 'नोटिंग' यांचे उच्चार जवळजवळ सारखे होते. नोटिंग म्हणजे टिपणं, कान देणं. म्हणजे चोरून ऐकण्यावरून माजलेला गोंधळ.

गाळीव

धन्यवाद पाचवा_अंक! मूळ प्रश्नावर माझं मत: नेपथ्यरावांचा नऊ पानांचा हिशेब आणि भिंगवालांचा उजेडाचा मुद्दा एकत्र ठेवले तर परक्या नटांबरोबर हा चित्रपट बारा दिवसांत झाला नसता, पंचवीस लागले असते. आणि पंचवीस दिवसांची सुट्टी त्याला मिळणार नव्हती.

नेपथ्यराव

गाळीव, पंचवीस थोडे जास्त धरलेत. अठरा-वीस म्हणा. घर तेच राहिलं असतं, जागा बदलायचा वेळ वाचलाच असता.

टाळेबंद

डॉगबेरी आणि व्हर्जेस शेवटी ऐटीत निघतात आणि गाडीच्या चाव्या गाडीतच राहिल्याचं कळतं, तो प्रसंग कुणीच लिहिला नाही! फिलियन आणि लेंक बंद दारापाशी जे काही करतात ते नाटकात एका अक्षरानेही नाही.

कर्णपिशाच्च

फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या तर सापडल्या असत्या.